पंधरा सेकंद

पाणपिसवांना मी रोज सकाळी हिरवं शेवाळ घालते,
वर चिमूटभर यीस्ट. रविवारीही यावं लागतं.
बाबांना अजून पटत नाही
की बडोद्यासारख्या शहरात त्यांची मुलगी
पिसवा पाळायचा पगार घेते.

सगळ्या माद्याच. बापाशिवाय जन्मलेल्या,
आईची हुबेहूब नक्कल.
फार वाईट दिवस आले तरच त्यांच्यात नर निपजतो.
हे सांगितलं तेव्हा अंबुभाई काचनळ्या धुता धुता
इतके हसले की एक फुटलीच.

भिंगाखाली धरली की आरपार दिसते:
पोटात हिरवी रेघ,
पाठीशी हृदय, मोजता येणार नाही इतकं घाईचं.
प्रयोगाला चोवीस तासांच्या आतलीच पिल्लं घ्यायची.
नियमच आहे तसा.

नमुना अकरा म्हणजे जशीबेनची विहीर.
गावाचं नाव अहवालात नसतं, जशीबेनचंही नाही.
पहिली बादली तिने स्वतःच ओतून दिली.
खालचं घे म्हणाली, वरचं तर सगळ्यांचं चांगलंच दिसतं.
चहात कळत नव्हतं,
पांढऱ्या बादलीत मात्र किंचित पिवळं.

झेर छे के नथी, एवढंच तिला हवं होतं.
मी म्हटलं, बेन, क्रोमियम आहे, पण कुठलं ते बघायचंय.
तीनचं असेल तर जड अंगाचं, गाळात बसून राहतं.
सहाचं पाण्याबरोबर चालतं,
पेशीच्या दाराशी सल्फेटचा चेहरा लावून उभं राहतं
आणि दार उघडतं.
आत गेल्यावर तेही तीनच होतं,
पण होता होता घर मोडून.

ती म्हणाली, माझे दोन दीर असेच.
आडनाव एक. एक जेवून जातो, एक शेत विकून.

पुस्तकात दोघांना एकच शब्द आहे, प्रजाती:
धातूच्या त्या रूपालाही
आणि माझ्या पिसवेलाही.

बाटली आंबट असली, आत थोडा कचरा राहिला,
तर सहा वाटेतच तीन होऊन जातं
आणि कागदावर विहीर निर्दोष सुटते.
म्हणून बफर, म्हणून बर्फ, म्हणून चोवीस तास.
छाणीच्या नाक्यावर जीप तास-दीड तास अडकली.
बर्फाचा डबा मांडीवर, मांड्या बधिर,
आणि बाजूचा ड्रायव्हर विचारतोय, कुल्फी?

लॅबमध्ये रसायन घातलं. दहा मिनिटं थांबायचं असतं.
मला तिसऱ्याच मिनिटाला कळलं:
जांभूळ खाल्लेल्या जिभेचा रंग.

मग अठ्ठेचाळीस तास.
एका बीकरमध्ये पाच पिल्लं, असे चार बीकर,
आणि शेजारी चार स्वच्छ पाण्याचे.
दुसऱ्या दिवशी सकाळी बीकर हलकेच फिरवायचा
आणि पंधरा सेकंद बघायचं.
'मेली' असं आम्ही लिहीत नाही.
'हालत नाही' लिहितो.
पाचव्या सेकंदाला वाटतं, हललं काहीतरी.
ते पाणीच असतं.

स्वच्छ पाण्यातलीही एक गेली.
तेवढी चालते. तिच्यासाठी वेगळा रकाना नाही.

मॅडमनी मसुद्यातला 'विषारी' खोडला,
वर लिहिलं, 'मर्यादेपेक्षा अधिक'.
बरोबरच आहे त्यांचं.
सही व्हायला अजून दोन बैठका आहेत.

शनिवारी संध्याकाळी जिन्यात उभं राहून मी फोन केला.
सांगायला नको होतं. म्हटलं, सहा.
पलीकडे हंडा ठेवल्याचा आवाज आला.
मग बराच वेळ काही नाही.
मी मोजत होते, सवयीने.

ने भेंस? तिने विचारलं.
एने शुं पाउं?

म्हशीसाठी माझ्याकडे बीकर नाही,
रकानाही नाही.
उद्या रविवार.
शेवाळ घालायला यायचंय.